उद्धट, उर्मट, आगाऊ, मुजोर : कुठला शब्द कुणासाठी?

कागदकाम :
मंडळी, एक काम गळ्यात पडलंय. आमच्याकडे कर्मचाऱ्यांसाठी वागणुकीच्या नियमांची पुस्तिका मराठीत काढायची आहे. हाती आलेल्या मसुद्यात सगळीकडे एकच शब्द, 'गैरवर्तन'. पाळी सुरू झाल्यावर टंगळमंगळ करणं गैरवर्तन. सुपरवायझरला उलट बोलणं गैरवर्तन. सुपरवायझरने चारचौघांत आईबहिणीवरून शिव्या दिल्या तर तेही गैरवर्तन, आणि महिला सहकाऱ्याला रात्री नको ते मेसेज पाठवले तरी गैरवर्तनच. वाचणाऱ्याला यातून काय कळणार?

हीच माणसं बोलताना मात्र केवढा बारीक फरक करतात. एक आगाऊ असतो, दुसरा उर्मट, तिसरा नुसता फटकळ, चौथा चावट 'पण मनाने वाईट नाही', पाचवा सरळ मुजोर. हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत हे कानाला कळतं, पण का बसत नाहीत ते सांगता येत नाही. कोश उघडावा तर उद्धटपुढे उर्मट आणि उर्मटपुढे उद्धट.

तुम्ही हे शब्द कुणाला आणि कधी वापरता? यातले लेखी नियमात कुठले चालतील?

तिरपागडा :
एक निरीक्षण माझ्यातर्फे. उद्धट, उर्मट, चावट, वात्रट, आचरट, हलकट, लोचट, खवचट, कुचकट, तिरसट, टारगट, पाणचट, बावळट. मराठीत माणूस बिघडला की त्याला ट चं शेपूट फुटतं. चवी घ्या, त्याही तशाच. आंबट, तुरट, खारट, तिखट, कडवट. गोडाला मात्र ट नाही.

जुनीपाटी :
तिरपागडा, निरीक्षण मस्त आहे, पण सगळे ट एका घरचे नाहीत. पिवळट, मळकट, धुरकट, पोरकट यांतला ट 'त्या वळणाचा, काहीसा तसा' एवढंच सांगतो. हलक्याचा हलकट, पाण्याचा पाणचट हे त्याच वाटेने आले. उद्धटचं वेगळं आहे. तो संस्कृत 'उद्धत'चा मराठी अवतार. उद्धत म्हणजे वर उचललेला, फुगलेला.

कागदकाम, आता तुमच्या प्रश्नाकडे. आगाऊ या शब्दापासून सुरुवात करा, त्यात सगळी मेख आहे. आगाऊ रक्कम, आगाऊ नोंदणी, आगाऊ सूचना असं आपण सहज म्हणतो आणि त्यात काही वाईट नसतं. आगाऊ माणूसही तसाच, आपली पाळी यायच्या आधी बोलून मोकळा होणारा. त्याचं बोलणं चुकीचं असतं असं अजिबात नाही. बऱ्याचदा ते अगदी बरोबर असतं, म्हणून तर जास्त झोंबतं.

फाजील घ्या. हिशेबात उरलेलं, जास्तीचं ते फाजील. फाजील आत्मविश्वास, फाजील लाड. म्हणजे आत्मविश्वास चालेल, लाडही चालतील, माप ओलांडलं ते चालणार नाही. बेताल म्हणजे ताल सोडलेला. अतिप्रसंग तर मूळचा शास्त्रातला शब्द. नियम जिथे लागू व्हायला नको तिथेही तो लागू होत गेला की त्या दोषाला अतिप्रसंग म्हणत. आज बातमीत तोच शब्द कुठल्या अर्थाने येतो ते सांगायला नको.

यांतला एकही शब्द माणसाने नक्की काय केलं ते सांगत नाही. वेळेआधी केलं, मापाबाहेर केलं, जागा सोडून केलं, एवढंच सांगतो. ती वेळ, ते माप, ती जागा कोण ठरवणार? जो मोठा आहे तो. म्हणून पोर आगाऊ असतं, नवी सून आगाऊ असते, नवा कारकून आगाऊ असतो. मॅनेजिंग डायरेक्टर आगाऊ असल्याचं ऐकलंय कुणी? आजोबाही आगाऊ नसतात. आजोबा हेकट असतात, तिरसट असतात, फार तर विक्षिप्त.

माजघर :
जुनीपाटींना अनुमोदन. वर्गात आयुष्य गेलंय, त्यामुळे पोरांसाठीचे शब्द माझ्याकडे पोत्याने आहेत.

खोडकर आणि खोडसाळ एक नाहीत, हे आधी ठळक अक्षरात लिहून ठेवा. खोडकर मूल असतं. त्याचा हेतू गंमत हा असतो आणि सांगणाऱ्याच्या तोंडावर हसू असतं. खोडसाळपणात डाव असतो, कुणाचं तरी वाईट व्हावं अशी इच्छा असते. म्हणून बातमी खोडसाळ असते, अफवा खोडसाळ असते, वर्तमानपत्रात 'खोडसाळ प्रचार' येतो. 'खोडकर प्रचार' म्हणून बघा, हसू येईल.

द्वाड, वांड, हूड, उनाड यांत थोडं कौतुक मिसळलेलं असतंच. आजी नातवाला द्वाड म्हणते तेव्हा तिला तो तसाच हवा असतो. 'शेफारलाय' म्हटलं की बोट आईबापाकडे जातं, पोराकडे नाही. 'चेकाळलीत' हे एकट्याला सहसा म्हणत नाहीत, घोळका लागतो.

व्रात्यची कथा मला फार आवडते. ज्याची मुंज वेळेत झाली नाही, जो वैदिक चालीरीतींच्या बाहेर राहिला, तो स्मृतिग्रंथांत व्रात्य. त्याआधी अथर्ववेदाचं सबंध पंधरावं कांड व्रात्याच्या गौरवाचं आहे. तिथून घसरत घसरत तो शब्द आमच्या शाळेत शेवटच्या बाकावर येऊन बसला. अगोचरही तसाच. इंद्रियांना न कळणारं ते अगोचर, ब्रह्माचं विशेषण. आमच्याकडे मात्र 'फार अगोचर आहे हो हा, काल टाकीवर चढला होता'.

आणि हे सगळं तोंडी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा रकाना असतो. त्यात टाकीवर चढणाऱ्याचीही वर्तणूक 'चांगली' असते. लेखी मराठी पहिल्यापासूनच अशी मिटल्या तोंडाची आहे.

तिरपागडा :
माझ्याही दाखल्यावर 'चांगली' आहे. घरी फ्रेम करून लावायचा विचार आहे.

वऱ्हाडीवारा :
आमच्या अकोला-अमरावतीकडे 'आगाऊ'चा 'आगाव' होतो आणि जोर दुप्पट होतो. 'लय आगाव हाय थो.' 'जास्त शायनपना करू नको' हे तर दिवसातून ऐकावंच लागतं. शहाणपणा हा दुर्गुण फक्त मराठीतच असावा. बह्याड म्हणजे वेडगळ, पण त्यात राग कमी, वैताग जास्त. चोट्टा म्हणजे खरं तर चोर. आम्ही मित्रालाच म्हणतो, आणि खऱ्या चोराला चोरच म्हणतो.

कोकणकडा :
मग आमचं ऐका. मालवणीत 'मेल्या' हे संबोधन आहे, त्याशिवाय वाक्याला सुरुवात होत नाही. 'शिरा पडो तुझ्या तोंडार' हा शाप शेजारीण शेजारणीला देते आणि त्याच दमात चहाला बोलावते. पुस्तिकेत 'शिवीगाळ करणाऱ्यास कामावरून काढण्यात येईल' असं लिहिलंत तर आमच्या गावातलं कुणीच कामावर उरायचं नाही.

सोनकी :
कोकणकडा, गंमत पटली, पण तुमच्याच उदाहरणात एक अट लपली आहे. शेजारीण शेजारणीला म्हणते. दोघी बरोबरीच्या. तोच 'मेल्या' साहेब शिपायाला म्हणाला तर? शिपाई उलट म्हणू शकतो का? नाही ना, मग तो लाडाचा शब्द राहत नाही.

मला वाटतं वाईट शब्द लागतच नाही. मराठीत अपमान करायचा तर क्रियापद बदललं की पुरे. 'बसा' ऐवजी 'बस'. लोक सांगतातही तसंच. 'आधी नीट बोलत होता, मग एकेरीवर आला.' 'अरे-तुरे करायला लागला.' भांडण वाढलं की 'हमरीतुमरीवर आले'. यात कुणी कुणाला शिवी दिली असं कुठेही नाही. तरीही ऐकणाऱ्याला कळतं की आता हात उगारला जाणार.

आणि हाच एकेरी उल्लेख जवळिकीचाही. आई 'तू' असते आणि कित्येक घरांत वडील अजून 'तुम्ही'. विठोबा तर 'तू'च, त्याला कुणी 'आपण यावे' म्हणत नाही. म्हणजे 'तू' वाईटही नाही आणि चांगलाही नाही, तो म्हणायची परवानगी कुणी दिली यावर सगळं आहे.

कागदकाम, तुमच्याकडे पन्नाशीचा फिटर असेल आणि नुकताच लागलेला इंजिनिअर त्याला 'ए, इकडे ये' म्हणत असेल. त्या इंजिनिअरला तुमच्याकडे काय म्हणतात? उद्धट?

कागदकाम :
नाही. 'कडक' म्हणतात.

सोनकी :
तेच म्हणते मी. फिटरने त्याला 'ए' म्हटलं असतं तर तो उद्धट. खालून वर जाणाऱ्या वागण्याला शब्दच शब्द आहेत. उद्धट, उर्मट, आगाऊ, तोंडाळ, उलट उत्तरं देणारा, डोक्यावर बसलेला, शिंगं फुटलेला. वरून खाली आलेलं तेच वागणं 'शिस्तीचे', 'स्पष्टवक्ते', 'तोंडाने फटकळ पण मनाने निर्मळ' होऊन येतं.

वेसण :
सोनकीताई, निम्मं पटलं. वरच्यांसाठी शब्द नाहीत हे खरं नाही. मुजोर, मस्तवाल, माजोरडा, उद्दाम, अरेरावी, दंडेली, दादागिरी हे सगळे ज्याच्या हातात काहीतरी आहे त्याच्यासाठीच आहेत. मग ती खुर्ची असो, पैसा असो की रिक्षाचं हँडल. अधिकाऱ्याची अरेरावी, सावकाराची मुजोरी. दुबळ्या माणसाला मुजोर म्हणताच येत नाही, मुजोरीला बळ लागतं.

मी शेतकरी माणूस, मला या शब्दांत सगळा गोठा दिसतो. मुजोर म्हणजे मुँहजोर, तोंडाचा बळकट, लगामाला न जुमानणारा घोडा. बेलगाम त्याचाच भाऊ. उधळणं जनावराचं, मोकाट सुटणं जनावराचं, शिंगं फुटणं तर वासराचंच. मग त्याला वेसण घालायची, दाव्याला बांधायचं. माज हा शब्द तर आम्ही रोज वापरतो आणि त्यात कसलाही राग नसतो. म्हैस माजावर आली म्हणजे आनंदाची बातमी. तोच माज माणसाला आला की वाईट. मस्तीही तशीच, हत्ती मस्तीत येतो तीच ही.

श्रावणातल्या कहाण्यांत 'उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको' असं येतं. तिथे बघा, उतणं आणि मातणं हे ज्याला नुकतं काहीतरी मिळालंय त्यालाच बजावलेलं असतं. गरिबाला कुणी 'मातू नको' म्हणत नाही.

जुनीपाटी :
वेसण, फार सुंदर. पण मुजोर म्हणतात ते कुठे? त्याच्या पाठीमागे, चहाच्या टपरीवर, नाहीतर वर्तमानपत्राच्या मथळ्यात. तोंडावर नाही. 'तू उद्धट आहेस' हे तोंडावर म्हणता येतं, कारण म्हणणाऱ्याला त्याची भीती नसते. 'साहेब, तुम्ही मुजोर आहात' हे वाक्य शेवटचं कुणी, कुठे उच्चारलं? उच्चारलं असेल तर त्याच दिवशी तो उद्धट ठरला असेल.

वेसण :
हे मात्र खरं.

रोखठोक :
तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत वरचा-खालचा काढता. उद्धटपणा म्हणजे उद्धटपणा. धाकट्यांनी मोठ्यांचा मान ठेवायचा ही आपली रीत आहे, त्यात शब्दांचा काय दोष? माझ्या हाताखालच्या मुलांना मी उद्धट म्हणतो, कारण ती खरंच असतात.

तिरपागडा :
रोखठोक यांचा प्रतिसाद फटकळ आहे, पण मनाने निर्मळ आहेत. (दिवे घ्या.)

माजघर :
रोखठोक, मान ठेवावा यावर इथे कुणाचंच दुमत नाही. पण वर्गात मी एक पाहत आले. मुलाने 'बाई, फळ्यावरचं उत्तर चुकलंय' म्हटलं तर ते त्याने कुठल्या सुरात म्हटलं यावर त्याला आगाऊ म्हणायचं की हुशार हे ठरायचं. आणि खरं सांगायचं तर सुरापेक्षाही बाईंचा त्या दिवशीचा मूड ठरवायचा. असा शब्द नियमात घातला तर नियम मूडवर चालेल.

रानजाई :
अजून बायकांसाठीच्या शब्दांकडे कुणीच आलं नाही, म्हणून मी येते.

पुरुष रंगेल असतो. रगेल आणि रंगेल अशी जोडी करून कौतुकाने सांगतात. फार झालं तर छाकटा, लंपट. बाई त्याच्या शतांश वागली, किंवा वागलीच नाही, नुसती संध्याकाळी उशिरा घरी आली, तरी उठवळ, चवचाल, उंडगी, भटकभवानी. मोकळं हसली तर थिल्लर. नाही हसली तर शिष्ट.

आणि देवींनाही सोडलेलं नाही. 'काय ही भवानी!' सटवी तर सहाव्या दिवशी बाळाच्या कपाळावर नशीब लिहिणारी देवता, सटवाई. तिची पूजा करायची आणि शेजारणीशी भांडताना तिचंच नाव शिवी म्हणून फेकायचं. पुरुषांसाठी देवाचं नाव असं चटकन आठवत नाही.

तिरपागडा :
म्हसोबा!

रानजाई :
म्हसोबा मख्ख असतो, ढिम्म असतो. त्याच्या चारित्र्यावर कुणी शिंतोडे उडवत नाही. 

आणखी एक. 'छेडछाड' हा शब्द कृपा करून पुस्तिकेत घालू नका. छेडणं सतारीच्या तारेचंही असतं. ऐकताना वाटतं काहीतरी गमतीचं चाललं होतं. चावटपणाचंही तेच. चावट विनोद हा मित्रमंडळींत ठीक असेल, पण ज्या बाईला तो ऐकायचा नव्हता तिने तक्रार केली की सगळे म्हणतात, 'अहो, तो जरा चावट आहे, बाकी काही नाही.' हा शब्द तक्रारीची हवाच काढून घेतो.

कलमदान :
व्यवसायाने वकील आहे, म्हणून थोडं कोरडं लिहितो.

रानजाई यांचा मुद्दा कायद्याच्या अंगानेही बरोबर आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातली मार्गदर्शक तत्त्वं होती. त्या कायद्याची व्याख्या वाचा. 'असभ्य', 'चावट' असं विशेषण लावून ती थांबत नाही. नकोसा शारीरिक स्पर्श, लैंगिक सुखाची मागणी, लैंगिक अर्थाचे शेरे, अश्लील चित्रं वा चित्रफिती दाखवणं, अशी कृत्यांची नावं देते. त्यातला कळीचा शब्द आहे 'नकोसा'. कुणाला नकोसा, तर जिला सोसावं लागलं तिला. करणाऱ्याचा स्वभाव चावट की गंभीर हा प्रश्नच येत नाही.

दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करत असतील तिथे अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. पुस्तिकेत समितीची माहिती द्या. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते, हेही ठळक छापा.

विनयभंग हा शब्द पोलीस ठाण्यातला. १८६० च्या दंडसंहितेत तो कलम ३५४ खाली होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात कलम ७४. शब्दांनी किंवा हावभावांनी केलेला अपमान पूर्वी ५०९, आता ७९. या शब्दाबद्दल माझी स्वतःची कुरकुर आहे. भंग झाला तो बाईच्या विनयाचा, म्हणजे पहिला प्रश्न येतो तिच्यात विनय होता का! एकोणिसाव्या शतकातली ही नजर शब्दात अजून शिल्लक आहे. पण कायद्यात आहे तोवर कोर्टात हाच शब्द चालणार.

सरकारी नोकरांचं वेगळं. त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू. तिथेही न शोभणारं वर्तन असा मोघम भाग आहे, पण पुढचे नियम भेटवस्तू, मालमत्ता, राजकारणातला भाग असे एकेक विषय घेऊन लिहिले आहेत. कारखान्यांचे नमुना स्थायी आदेश, म्हणजे कामगारांसाठीचे सेवानियम, १९४६ च्या कायद्यातून आले, त्यांतही गैरवर्तणुकीखाली कृत्यांची यादीच आहे. हुकूम जाणूनबुजून न मानणं, चोरी, लाच, न सांगता गैरहजेरी, दंगा. कुठेही 'उर्मटपणा' असं लिहून सोडून दिलेलं नाही. लिहिलं असतं तर चौकशीत पहिल्या दिवशी मी विचारलं असतं, उर्मट म्हणजे काय ते साक्षीदाराने सांगावं.

पालावरचा :
कलमदान, एक राहिलं. जातीवरून बोलणं.

आणि ते फक्त उघड शिवीतच असतं असं नाही. 'भामटा', 'भामटेगिरी' हे शब्द आपण फसवणाऱ्यासाठी सर्रास वापरतो. भामटा हे एका समाजाचं नाव आहे. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत ते आहे. 'बेरड' हा शब्द निगरगट्ट, लाज नसलेला या अर्थाने वापरतात. बेरडही त्याच यादीत. हल्ली पोरं ज्याला त्याला 'छपरी' म्हणतात, त्याचं नातं छप्परबंद समाजाशी जोडलं जातं, आणि त्या समाजाचं नावही याच यादीत सापडेल.

इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्याने पुसला, म्हणून 'विमुक्त'. कायद्यातून गेला. बोलण्यातून गेला नाही.

रोखठोक :
हे अती होतंय. भामटा म्हणताना कुणाच्या डोक्यात जात असते? शब्दाचा अर्थ आता बदललाय. असं शोधायला गेलं तर तोंडच उघडता येणार नाही.

पालावरचा :
म्हणणाऱ्याच्या डोक्यात नसते, खरं आहे. ज्याच्या दाखल्यावर ते नाव लिहिलंय त्याच्या डोक्यात असते. 'लबाड' आहे, 'फसवा' आहे, 'ठकसेन' आहे. तोंड उघडायला शब्द कमी नाहीत.

कलमदान :
लेखी नियमांत तरी पालावरचा म्हणतात तसंच करा. अनुसूचित जाती-जमातींबाबत १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्यात लोकांसमोर जातीच्या नावाने शिवीगाळ करणं हे स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे. पुस्तिकेत याला वेगळा परिच्छेद हवा, 'असभ्य भाषा' या मथळ्याखाली ढकलू नका.

खारीकवाटा :
थोडं हलकं करते. चांगल्या शब्दांचं मराठीत काय होतं ते बघा. शिष्ट म्हणजे सुसंस्कृत, शिष्टाचार त्यावरूनच. पण 'ती फार शिष्ट आहे' म्हटलं की लग्न मोडतं. शहाण्याचं वर आलंच. दिवटा म्हणजे मशाल, 'दिवटे चिरंजीव' म्हणजे घराला आग लावणारे. इरसाल हा वसूल सरकारात पाठवण्याचा जुना दफ्तरी शब्द, आता 'इरसाल नमुना'. आणि उलटंही होतं. वात्रट हा दोष, पण वात्रटिका लिहिणाऱ्याला व्यासपीठावर बोलावून शाल घालतात.

तिरपागडा :
अवांतर : सभ्यपणाचा विषय निघालाच आहे म्हणून. तुकोबांच्या 'मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास' या अभंगातली लंगोटी सगळ्यांना माहीत आहे. गाथेत ती ज्या अवयवाची आहे त्याचं नाव सरळ लिहिलंय. आपण मात्र भाषणात 'कासेची' म्हणून पुढे सरकतो. म्हणजे आजच्या नियमाने तुकोबांना मेमो मिळाला असता.

माजघर :
आणि तो मेमो त्यांनी इंद्रायणीत टाकला असता.

कागदकाम :
सगळ्यांचे आभार. तुमचं वाचून मसुदा फोडला. 'गैरवर्तन' हा शब्द फक्त मथळ्यात ठेवला, खाली कृत्यं लिहिली. लैंगिक छळाचा भाग कायद्याच्या व्याख्येनुसार, समिती आणि मुदतीसकट वेगळा. जातिवाचक शब्दांचा परिच्छेद वेगळा. उद्धट, उर्मट, आगाऊ, चावट, छेडछाड यांतला एकही शब्द घेतला नाही. बोलण्याचालण्याबद्दलचा परिच्छेद असा झालाय :

'कामाच्या ठिकाणी वरिष्ठांशी बोलताना आवाज चढवणे, शिवी देणे, आई-बहीण, जात, शरीर किंवा व्यंग यांवरून बोलणे, समोरच्याने मना करूनही त्याला एकेरी हाक मारणे, चारचौघांत कोणाची नक्कल करून हसे करणे.'

कसं वाटतंय?

कोकणकडा :
'मना करूनही' घातलंत ते बरं केलंत. आमची नोकरी वाचली.

कलमदान :
'आवाज चढवणे' काढा किंवा 'धमकावण्यासाठी' जोडा. यंत्रांच्या खडखडाटात सगळेच ओरडून बोलतात. बाकी टिकेल.

सोनकी :
'मना करूनही' बद्दल मला शंका आहे. तो फिटर इंजिनिअरला मना करू शकेल का? उलट लिहा. अनोळखी किंवा वयाने मोठ्या माणसाला अहो-जाहो, आणि एकेरी हाक दोघांची संमती असेल तरच.

कोकणकडा :
गेली नोकरी.

वेसण :
सोनकीताईंचं घ्याच. आणि पहिलंच 'वरिष्ठांशी' खटकलं. ते खोडा आणि तिथे 'कोणाशीही' लिहा.

कागदकाम :
दोन्ही घेतलं, 'धमकावण्यासाठी' पण जोडलं. 'वरिष्ठांशी' जुन्या मसुद्यातून तसंच आलं होतं. आता 'कोणाशीही' केलंय. फाइल उद्या वर सहीला जाते.

तिरपागडा :
वरून परत आली की सांगा, 'कोणाशीही' शिल्लक आहे का ते.